विषय : पुलावरची काच फुटल्याबाबत

अर्जाचा जीव त्याच्या विषयात असतो, असं मी गेली बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. बेलापूर रोडला रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबाऱ्यावर नाव चुकलंय, रेशनकार्ड फाटलंय, डीपी जळालाय, शेजाऱ्यानं बांध कोरलाय, असली सगळी दुखणी माझ्या टेबलावर येतात आणि मी ती एका ओळीत बसवतो. 'विषय : अमुक अमुक होणेबाबत.' साहेब लोकांना खालचं वाचायला वेळ नसतो. तेव्हा वरची ओळच अशी लिहायची की साहेबाला काहीतरी करणं भाग पडलं पाहिजे. माझ्या या हुशारीचा मला फार अभिमान होता. पुष्पाताईच्या काचेनं तो पुरता उतरवला.

पुष्पावती वैजनाथ गलांडे ही आमच्या भागातली रेल्वेची चावीवाली. रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाठीला पिशवी घेऊन सहा किलोमीटर रूळ चालत जायचं आणि तेवढंच परत यायचं, हे तिचं काम. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या निसटल्यात का, रूळ कुठं तडकलाय का, खडी कुठं वाहून गेलीय का, हे बघायचं. निसटलेली चावी तिथल्या तिथं ठोकून बसवायची. पिशवीत दोन लाल झेंडे असतात आणि पत्र्याच्या डबीत फटाके. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. पुढं धोका असला की ते रुळावर ठेवायचे. इंजिन वरून गेलं की बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. पुष्पाताईच्या आठ वर्षांच्या नोकरीत ते एकदाही वाजले नव्हते.

बाई मूळची राजूरची, डोंगरातली. तिकडं रेल्वे नाही. लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिनं पहिल्यांदा आगगाडी बघितली आणि घराच्या एवढ्या जवळून जाते म्हणून आठ दिवस धड झोपली नाही, असं ती स्वतःच हसत सांगते. नवरा वैजनाथ रेल्वेत ट्रॅकमन होता. एका मे महिन्यात भर दुपारी रूळ बदलताना त्याला ऊन लागलं आणि नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर नोकरी मिळवायला तिला चार वर्षं लागली. 'मयत इसम हाच तुमचा पती कशावरून' इथपासून सुरुवात होती. ते सगळे अर्ज मीच लिहिले. तेव्हापासून ती मला अंगदभाऊ म्हणते आणि माझ्याहून बारा वर्षांनी लहान असली तरी मी तिला ताई म्हणतो.

स्वभाव म्हणाल तर एक घाव दोन तुकडे. ऊसतोडीच्या दिवसांत एका ट्रॅक्टरवाल्यानं फाटक सोडून मधूनच रुळावर दोन ट्रॉल्या चढवल्या, तर हिनं त्याच्या ट्रॅक्टरची चावी काढून पिशवीत टाकली आणि पुढं चालू लागली. तो बिचारा दोन किलोमीटर 'ओ ताई, ओ ताई' करत मागं. 'माझं कामच चाव्यांचं हाय,' एवढंच ती म्हणाली.

तिच्या हद्दीत, स्टेशनपासून चार किलोमीटरवर नगरच्या बाजूला, भोकरी ओढ्यावर एक दगडी पूल आहे. इंग्रजांच्या काळातला, तीन कमानींचा. मधल्या कमानीखालून आमच्या वस्तीचा रस्ता जातो. शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या, बैलगाड्या, सगळं त्याच कमानीतून. वरून मालगाड्या जातात, एक्सप्रेस जातात आणि सकाळची पॅसेंजर जाते. त्या पॅसेंजरनं पुष्पाताईची मुलगी दिशा रोज नगरला कॉलेजला जाते. एकुलती एक. त्यामुळं तो पूल कसा आहे हा प्रश्न या बाईच्या दृष्टीनं कागदावरचा नव्हता.

साडेतीन वर्षांपूर्वी पुलांची तपासणी करणारे एक म्हातारे साहेब आले होते. रिटायर व्हायला सहा महिने राहिलेला माणूस, पण गुडघाभर चिखलात उतरून त्यानं प्रत्येक खांब हातानं चाचपला. मधल्या कमानीच्या खांबाला छातीच्या उंचीवर त्याला एक बारीक तडा दिसला. तड्यावर आडवी, वीतभर लांबीची काचेची पट्टी त्यानं सिमेंटनं चिकटवली, शेजारी रंगानं तारीख लिहिली आणि पुष्पाताईला सांगितलं, 'तडा जुना असेल, झोपलेला असेल, तर काच तशीच राहील. तडा वाढायला लागला की काच फुटेल. रोज बघायची. फुटली की लगेच कळवायचं.'

इतकी सोपी गोष्ट. दुसरीतल्या पोरालाही कळेल. पुष्पाताईला तर एका वाक्यात कळली. ती म्हणाली, 'बाजारात मडकं वाजवून घेतो, तसंच की.' साहेब म्हणाले, 'अगदी तसंच.' नंतर साहेब रिटायर झाले आणि ही सोपी गोष्ट समजणारा माणूस ऑफिसात उरला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टात पहिली काच फुटली. पुष्पाताईनं वहीत नोंद केली. वही छगन मुकादमानं बघितली आणि सही केली. छगन मुकादम हा तिच्या टोळीचा प्रमुख. माणूस वाईट नाही, पण पंचवीस वर्षांच्या नोकरीत तो एकच विद्या शिकला, ती म्हणजे सही करून वही पुढं ढकलायची. वही पुढं गेली आणि गप झाली. तीन आठवडे वाट बघून पुष्पाताई दुकानात आली.

'अंगदभाऊ, अर्ज लिव्हा. पुलाचा खांब फाटायलाय.'

आता इथं माझी हुशारी आडवी आली. मी म्हणालो, 'ताई, पूल धोक्यात असं लिहिलं की ऑफिस घाबरतं. घाबरलं की फाईल वर जाते, आणि वर गेलेली फाईल खाली येत नाही. आपण बारक्यातून शिरू. काच सरकारची आहे. सरकारची वस्तू फुटली म्हटलं की कुणाला तरी यावंच लागतं. एकदा माणूस आला की तडा त्याला दिसेलच.' आणि मी ऐटीत टाईप केलं : 'विषय : पुलावरची काच फुटल्याबाबत.' खाली तड्याबद्दल चांगली दोन पानं लिहिली.

तेवीस दिवसांत उत्तर आलं. सरकारी उत्तर तेवीस दिवसांत! मी पाकीट फोडताना मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आत एकच ओळ होती. 'सदर काच बदलण्यात आली आहे. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

खरंच बदलली होती. एक माणूस आला, फुटलेली काच छिन्नीनं काढली, ओढ्यात भिरकावली, नवी चिकटवली, नवी तारीख टाकली, नव्या काचेचा मोबाईलवर फोटो काढला आणि गेला. तड्याकडं त्यानं बघितलंही नाही, कारण त्याच्या कामाच्या कागदावर तडा नव्हता.

पुष्पाताई संध्याकाळी दुकानात आली ती पिशवीतून काचेचे दोन तुकडे काढूनच. ओढ्यातून वेचून आणले होते. 'ताप चढला म्हनून ह्यांनी थर्मामीटर बदलला व्हय, अंगदभाऊ?'

तिनं तुकडे कागदात गुंडाळले, वर तारीख लिहिली आणि पिशवीतल्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले.

दुसरी काच ऑक्टोबरात फुटली. या वेळी ऑफिसनं जास्त मनावर घेतलं, म्हणजे चौकशी लावली. चौकशीचा मुद्दा, काच कोणी फोडली! सेक्शनचे साहेब स्वतः आले. पुष्पाताईचा जबाब झाला. आपण कर्तव्यावर असताना सरकारी काच फुटलीच कशी? आपण हातोडा नेमका कुठं ठेवला होता? ओढ्यात मेंढ्या घेऊन बसलेल्या वाल्मिक नावाच्या धनगरालाही विचारलं, तू दगड मारलास का. तो म्हणाला, 'साहेब, मी मेंढरांना मारीत न्हाई, काचंला कशाला मारू?' हेही जबाबात लिहून घेतलं. पुष्पाताईनं तीनदा सांगितलं की काच फुटण्यासाठीच लावलीय. साहेबांनी लेखी विचारलं की फुटण्यासाठी वस्तू लावण्याची परवानगी कोणी दिली. शेवटी अज्ञात इसमाविरुद्ध शेरा मारून चौकशी संपली आणि काच बदलली. तक्रार निकाली.

मी विषय बदलला. 'पुलाच्या खांबास तडा गेल्याबाबत' असं सरळ लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या यापूर्वीच्या अर्जान्वये काच बदललेली आहे. एकाच विषयावर वारंवार अर्ज करून कार्यालयाचा वेळ घेऊ नये.' मग मी माझ्या नावानं माहितीच्या अधिकारात विचारलं की या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली आणि काय आढळलं. उत्तर आलं, 'तपासणी वेळोवेळी होते. पुलाची स्थिती समाधानकारक आहे. तपासणीचे वेळी काच सुस्थितीत आढळली.' सुस्थितीत असणारच! आदल्या आठवड्यात नवी बसवलेली! तो कागद मी टेबलावर आपटला तेव्हा झेरॉक्सला आलेली कॉलेजची पोरं दचकली.

मला राग त्या एका साहेबाचा नव्हता. राग याचा होता की कुणीच खोटं बोलत नव्हतं. काच बदलली हे खरं. तपासणी झाली हे खरं. सह्या खऱ्या, शिक्के खरे, फोटोसुद्धा खरे. दरम्यान जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, ऑफिसच्या पत्राचा वरचा मथळा बदलला. खालची ओळ मात्र तीच राहिली. आणि त्या खऱ्या कागदांच्या गठ्ठ्याखाली खांब मात्र फाटत चालला होता.

चौथी काच फुटली तेव्हा मीच टेकीला आलो. पुष्पाताईला म्हणालो, 'ताई, सोडा आता. वहीत नोंद केलीत, तुमचं काम संपलं. उगाच भिंतीवर डोकं आपटून काय मिळणार?'

ती बाई माझ्यावर अशी काही उखडली की विचारू नका. 'काम संपलं? उद्या पूल बसला तर चौकशीत पयलं नाव कुनाचं येईल, सांगा. चावीवालीचं. म्हंतील, रोज हितनं चालत हुती, तिला दिसलं न्हाई व्हय? आनि नाव येऊ दे, नोकरी जाऊ दे. रोज सात-पन्नासच्या गाडीत माझी पोर बसती. तिच्यासंगं आजून पाचशे लोकांच्या पोरी. मी काय करती म्हायती हाय का? गाडी यायच्या टायमाला मी पुलाखाली जाऊन खांबाला हात लावून उभी ऱ्हाती. गाडी जाईस्तोवर. माझ्या हातानं पूल तरनार न्हाई, कळतं मला. पर न्हाई राहवत.'

त्यानंतर मी 'सोडा' हा शब्द काढला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बातमी आली की वरचे मोठे साहेब वार्षिक तपासणीला येणार. स्वतंत्र गाडी, बरोबर बारा अधिकारी. झालं, दोन आठवडे सगळी लाईन कामाला लागली. आपल्याकडं तपासणीची तयारी म्हणजे चुना आणि गेरू. स्टेशनची झाडं रंगली, दगड रंगले, फाटकावरची पाण्याची टाकी रंगली. मुकादमाचा कुत्रा रंगवायचा तेवढा राहिला. तपासणीच्या दोन दिवस आधी टोळी भोकरीच्या पुलावर आली आणि पुलाचे सगळे खांब वरपासून खालपर्यंत चुन्यानं पांढरेफेक झाले. तडा चुन्याखाली गेला, तारखा गेल्या, काचेवरूनही दोन हात फिरले.

पुष्पाताई तिथं पोचली तोवर शेवटची बादली संपत आली होती.

'मुकादम, काचंवर कशाला वो चुना?'

'ताई, वरून हुकूम हाय. काय बी डाग दिसाया नगं.'

'डाग? तो डाग हाय व्हय?'

छगन मुकादमानं हात जोडले. 'तुझ्या पाया पडतो, बाई. दोन दिस गप ऱ्हा. सायेब येतील, खिडकीतून बघतील, जातील. माझी रिटायरमेंट सा महिन्यांवर हाय.'

तपासणीच्या दिवशी सकाळी मी फाईल घेऊन पुलाखालच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. साहेब पुलापाशी उतरले तर हातात निवेदन द्यायचं असा बेत होता. सेक्शनचे साहेब नव्या कोऱ्या हेल्मेटात आधीच येऊन पुलावर येरझाऱ्या घालत होते, छगन मुकादम त्यांच्या मागं मागं. त्यांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं. मोठ्या साहेबांची गाडी साडेसातला स्टेशनातून निघणार होती आणि तिच्या मागोमाग पॅसेंजर.

साडेसातला पाच मिनिटं असताना एक भरलेली मालगाडी पुलावरून गेली. डबे संपता संपत नव्हते. ती गेली तेव्हा पुष्पाताई नेहमीसारखी त्या खांबाशी उभी होती. मी वीस पावलांवर होतो. तिनं एकदम हात मागं घेतला आणि मला हाक मारली.

मी जवळ गेलो. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर एक काळी रेघ उमटली होती, खांबाच्या पायापासून थेट कमानीपर्यंत. दोन दिवसांपूर्वीचा चुना, आणि तो असा उभा चिरलेला. चुन्याखालच्या काचेचे तीन तुकडे झाले होते. पुष्पाताईनं रेघेत करंगळी घातली तर ती पेरभर आत गेली. गेल्या महिन्यात नखसुद्धा जात नव्हतं. ज्यांनी तडा लपवायला चुना दिला, त्यांनीच तो शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा लिहून ठेवला होता.

तिनं लगेच मोबाईल काढला, स्टेशनला लावला. 'भोकरीचा पूल खराब हाय. दोनी बाजूनं गाड्या धरा.' पलीकडून स्टेशनमास्तर म्हणाले, 'अहो, साहेबांची स्पेशल आत्ताच सुटली की!' तिनं फोन ठेवला, पिशवीतून एक झेंडा काढून पुलाच्या तोंडाशी खडीत रोवला, दुसरा हातात घेतला आणि स्टेशनच्या दिशेनं पळत सुटली. एक्केचाळीस वर्षांची बाई, पायात रेल्वेचे जड बूट, खालून खडी सरकतेय, आणि ती पळतेय.

छगन मुकादम तिच्या मागं, आणि त्याच्या मागं फाईल सांभाळत मी. 'अगं ताई! थांब! सायबाची गाडी तेवढी जाऊ दे! मागनं पॅसेंजर येतीया, ती धर की!'

पळता पळताच ती ओरडली, 'का? पॅसेंजर धरन्यासारका असंल, तर सायबाची बी धरन्यासारकाच हाय. पूल इचारतो का, आत कोन बसलंय?'

मुकादम जागच्या जागी उभा राहिला. मला वाटतं, पंचवीस वर्षांत त्याला कुणी असा सरळ प्रश्न विचारला नसावा. मग तोही पळायला लागला, पण तिला अडवायला नाही. त्यानं तिच्या पिशवीतून फटाके घेतले आणि रुळावर बसवायला मदत केली. हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

नियम बाराशे मीटरचा आहे. त्यांना आठशे मिळाले. वळणावर इंजिन दिसलं, आणि तीन बार झाले. वस्तीतली कुत्री भुंकायला लागली, बगळे उडाले, आणि बारा अधिकाऱ्यांची ती चकचकीत गाडी ब्रेकचा किंकाळ्यांसारखा आवाज करत पुष्पाताईपासून दोनशे पावलांवर थांबली.

मोठे साहेब उतरले. पांढरे बूट, खडीवर चालायची सवय नाही. बरोबर सगळा लवाजमा. पुष्पाताई धापा टाकत उभी, झेंडा अजून वर धरलेला.

'गाडी कोणाच्या आदेशानं थांबवली?'

'नियमाच्या, सायेब. पुढं पूल धोक्यात हाय.'

'या पुलाचा रिपोर्ट समाधानकारक आहे.'

'रिपोर्ट हाय, सायेब. पूल न्हाई.'

साहेब चालत पुलापाशी आले. चुन्यावरची ती रेघ त्यांना लांबूनच दिसली असावी, कारण चाल मंदावली. पुष्पाताईनं पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि एकेक पुडी उघडून त्यांच्यापुढं धरली. चार तारखा, चार फुटक्या काचा. साहेबांनी त्या हातात घेतल्या, तारखा वाचल्या, आणि सेक्शनच्या साहेबांकडं वळले. 'हे काय आहे?'

सेक्शनचे साहेब ताठ झाले. शप्पथ सांगतो, त्यांच्या आवाजात अभिमान होता. 'काच आहे सर. प्रत्येक वेळी तातडीनं बदलली सर.'

मोठ्या साहेबांनी पुष्पाताईचा हातोडा मागितला आणि रेघेच्या कडेला एक ठोका घातला. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला चुन्याचा पापुद्रा पडला, तिसऱ्याला दोन दगडांमधला चुनखडीचा मसाला ओल्या वाळूसारखा बाहेर वाहिला. आत कोपरापर्यंत हात जाईल एवढी पोकळी होती. मी फाईल काखेत धरून उभा होतो. तिची आता गरज नव्हती.

तेवढ्यात पुष्पाताईचा मोबाईल वाजला. दिशा. तिनं घाबरतच कानाला लावला, आणि पलीकडचं मलाही ऐकू आलं. 'आई, गाडी स्टेशनातच अडकलीय! कुठल्यातरी बावळटानं पुढं लाल झेंडा दाखवलाय म्हणे. माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे गं!'

'व्हय का,' पुष्पाताई म्हणाली. 'गाडीतच बस बाळा. उतरू नको.' फोन ठेवला आणि मग ती खडीवर बसली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पुलावरच्या गाड्या त्या दिवशी बंद झाल्या. नंतर ताशी दहा किलोमीटरच्या वेगानं सुरू झाल्या. एप्रिल-मेमध्ये खांबाभोवती जाळी बांधून काँक्रीट भरलं आणि पावसाच्या आधी काम पुरं झालं. हे सगळं चोख झालं, तेही सांगायला हवं. म्हणजे करायचं ठरवलं तर यांना येतं! माझा संताप त्यामुळं कमी झाला नाही, वाढलाच. दोन महिन्यांचं काम, आणि त्यासाठी दीड वर्ष काचा बदलत बसले.

पेपरात बातमी आली, 'वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दक्षतेमुळे संभाव्य दुर्घटना टळली.' फोटोत साहेबांच्या हातात हातोडा होता. हातोडा पुष्पाताईचा, एवढाच तिचा बातमीतला वाटा. तिला मात्र स्वतंत्र पत्र आलं. वार्षिक तपासणीची विशेष गाडी बावन्न मिनिटं खोळंबल्याबद्दल खुलासा करावा. मी भडकून तीन पानं लिहिली होती. तिनं ती बाजूला सारली आणि सांगितलं, 'लिव्हा, पूल धोक्यात हुता म्हनून थांबवली. बास.' पुढं 'भविष्यात वरिष्ठांना पूर्वकल्पना द्यावी' अशी ताकीद देऊन ते प्रकरण मिटलं. दिशाची परीक्षा कॉलेजनं पुन्हा घेतली. तो बावळट कोण हे तिला चार दिवसांनी कळलं, तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली, असं पुष्पाताई सांगते. दिशा म्हणते, आधी भांडली आणि मग पडली.

खांब दुरुस्त झाल्यावर पुष्पाताईनं हट्टानं सेक्शनच्या साहेबांकडून त्यावर नवी काच लावून घेतली. शेजारी तारीख. रोज सकाळी ती त्या काचेवरून बोट फिरवते. अख्खा पावसाळा गेला, ओढ्याला दोनदा पूर आला, उसाचा हंगाम गेला, काच तशीच. चौदा महिने. पुष्पाताईचा चेहरा मऊ पडला होता. पॅसेंजरच्या वेळी आता ती पुलाखाली उभी राहत नाही, वरून चालत पुढं जाते. माझ्याकडंही अर्जासाठी येत नव्हती, चहाला यायची.

परवा आली ती हातात कागद घेऊन. टेबलावर ठेवला. मी वाचला.

'विषय : पुलावरील काच काढून टाकणेबाबत. सदर पुलावरील काच गेले चौदा महिने फुटलेली नाही. सबब तिचा काहीही उपयोग होत नसल्याचे दिसून येते. तरी चावीवाल्याने ती सात दिवसांत काढून टाकावी व अहवाल सादर करावा.'

मी पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मला ओरडावंसं वाटलं, हसावंसं वाटलं, दुकानाचं शटर ओढून घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

'न्हाई काढनार,' पुष्पाताई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, दमलेला होता. 'लिव्हा अर्ज.'

मी कीबोर्ड पुढं ओढला. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी बोटं अडली. 'ताई, विषय काय टाकू? तुम्हीच सांगा. माझ्या विषयांनी आधीच पुरेसा घोटाळा केलाय.'

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. पॅसेंजर सुटायला अजून तास होता.

'लिव्हा, पुलावरची काच न फुटल्याबाबत.'

मी टाईप केलं. 'आणि खाली काय लिहू?'

'खाली कोन वाचतंय,' ती म्हणाली, आणि हातोडा खांद्यावर टाकून पुलाकडं निघाली.